जिन्याखालची बादली

सोमवार, ४ तारीख

ही वही मापांची आहे. पानावर छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने छापलेत आणि मी त्यांच्या आरपार लिहितोय. मामा शिंपी आहेत. आज हॉस्पिटलला निघताना त्यांनी ही कोरी वही माझ्या हातात कोंबली. म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा भिंगरी, निदान हात तरी एका जागी राहील. भिंगरी म्हणजे मी. आईही मला हेच म्हणते, पण ती म्हणते तेव्हा त्यात एक सुस्कारा असतो.

मामांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. मामी दिवसभर तिकडे थांबणार, रात्री घरी येणार. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, बँकेत आहे आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, ती संध्याकाळी हॉस्पिटलवरून चक्कर टाकेल. मग मासे कोण बघणार? तर ज्याला दुसरं काही काम नाही तो. मी. शाळा अर्धवट सोडल्यापासून मी आइस्क्रीमच्या गाडीवर होतो, तंबू ठोकणाऱ्यांबरोबर होतो, झेरॉक्सच्या दुकानात होतो, आणि एका बोटीवर तर तीन दिवसच होतो, कारण बोट लागते हे मला बोटीवर गेल्यावर कळलं. एका जागी टिकलो नाही एवढं खरं. ताईने आज मामीला कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगितलं. ऐकू आलं नाही, पण ती माझ्या बुटांकडे बघत होती.

पुढच्या खोलीत मामांचं दुकान. शिलाई मशीन, तिच्या उजव्या हाताला काचेचा फिश टँक. पाय चालवता चालवता मामा मान वळवून माशांकडे बघतात, तरी टीप वाकडी जात नाही. नऊ सोनेरी मासे. सगळ्यात मोठा हेडमास्तर, कारण तो काचेला तोंड लावून सारखं काहीतरी समजावून सांगत असतो आणि बाकीचे ऐकत नाहीत.

टॅक्सीत बसताना मामांना धाप लागत होती, तरी मला खाली वाकवून सूचना दिल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. म्हणून मोठी निळी बादली भरून जिन्याखाली ठेवायची, खोक्यांच्या मागे, वर पोतं टाकून. पोतं कचरा पडू नये म्हणून, आणि तेही सैल, क्लोरीन उडून जायला हवं. एक दिवस-रात्र तशीच राहू द्यायची. मग टँकमधलं तेवढंच जुनं पाणी काढून हे मगाने हळूहळू ओतायचं.

"जिन्याखालीच," मामा म्हणाले. "दुसरीकडे कुठे नाही."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी हो म्हटलं.

बुधवार, ६

पहिल्यांदा पाणी बदललं. जिन्याखाली उकिडवं बसून आत शिरावं लागतं. नळ मागच्या मोरीत, तिथून बादली दोन खोल्या पार करून आणायची, मग खोकी सरकवायची. येताना डोकं आपटलं, जाताना डोकं आपटलं, आणि मग पोतं विसरलो म्हणून परत जाताना तेच. इतक्या म्हाताऱ्या माणसाला हा सोस कशाला, कळत नाही. मला वाटतं, शिंप्यांना सगळं घडी घालून, आत दडवून ठेवायची सवय असते.

मासे खूश. हेडमास्तर तर नव्या पाण्याच्या धारेत येऊन उभा राहिला, जसं कोणी त्याच्या पाठीवरून हात फिरवतंय.

मामीची एक गंमत. सकाळी उठल्या उठल्या ती घरातलं रात्रीचं सगळं पाणी फेकते. जग, किटली, पिंप, फुलदाणीसुद्धा. मी उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपतो, सकाळी बघावं तर तीही रिकामी करून ताजी भरलेली. मला जाग येत नाही. मी म्हटलं, मामी, अहो, पाण्याला काय होतंय एका रात्रीत? ती म्हणाली, "रात्रीचं पाणी सकाळी भांड्यात दिसलं की मला कसंतरीच होतं."

उद्या ऑपरेशन.

शुक्रवार, ८

झालं. काल दिवसभर वही उघडली नाही. झडप बसली. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट आहे. मामी घरी आली ती चपला न काढताच मशीनच्या स्टुलावर बसली, अंधारात. मी दिवा लावला तर म्हणाली, नको, मासे झोपलेत. त्यांना पापण्याच नाहीत हे मी तिला सांगितलं नाही.

मी चहा केला. ती बोलत राहिली. दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती बहुतेक. म्हणाली, तिचा एक धाकटा भाऊ होता. सगळे शेतावर गेलेले, तिला घरी ठेवलं होतं त्याच्याकडे बघायला. त्याला तहान लागली तर तिने घंगाळात कधीचं भरून ठेवलेलं पाणी दिलं, विहिरीवर जायचा कंटाळा केला. त्याला जुलाब लागले, आणि दोन दिवसांत तो गेला. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल.

मी विचारलं, अजून साखर हवी का. कधी कधी माझं तोंड माझं नसतंच.

आज दुपारी मशीनवर बसून बघितलं. पाय चालवला की सुई कुठल्या कुठे धावते. स्वतःच्या शर्टाची बाही उशीच्या अभ्र्याला शिवून बसलो. उसवायला संध्याकाळ गेली. पण एक सरळ टीप आली, अगदी वीतभर सरळ. ती मी कापून ठेवली आहे.

रविवार, १०

आज मी अक्कल चालवली. जिन्याखाली जाऊन डोकं फोडून घेण्यापेक्षा बादली मोरीतच ठेवली, नळाखाली. भरायची तिथेच, एक दिवस-रात्र तिथेच उभी राहील, उद्या उचलायची. पाण्याला काय कळतंय आपण जिन्याखाली आहोत की मोरीत? क्लोरीन काय पत्ता विचारून उडतं? मामा आले की त्यांनाही ही युक्ती सांगेन.

मामांशी फोनवर बोललो. आवाज एकदम कागदासारखा. पहिला प्रश्न, हेडमास्तर जेवला का. मग मामीला काय म्हणाले माहीत नाही, पण ती हसली आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, ते म्हणतात, घरी येऊन त्या माशाचं तोंड बघेन तेव्हा बरा होईन, तुमच्या डॉक्टरांचं काय सांगता. आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, "तू एकट्याने काळजी करू नकोस हो. माशांकडे माझंही लक्ष आहे."

बरं वाटलं.

सोमवार, ११

आज अक्षर कसंही येणार.

दहा वाजता पाणी बदललं. सगळं मामांनी सांगितल्यासारखं, मगाने, हळूहळू. मग मी पलीकडच्या गल्लीत गेलो, कारण तिथे क्रेनने कुणाचं तरी कपाट खिडकीतून आत घेत होते. बराच वेळ बघत बसलो. कपाट आत गेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

परत आलो तर मासे सगळे वर. पाण्याच्या कडेला तोंड काढून, गप गप गप. आधी वाटलं, मला बघून आले, भूक लागली. चिमूटभर खाणं टाकलं. कुणी खाल्लं नाही. मग एक आडवा झाला. झाला आणि परत उभा राहिलाच नाही. दुसरा गोल गोल फिरत तळाला गेला, जिना उतरल्यासारखा. तिसरा केव्हा गेला ते मी बघितलंच नाही, मी पहिल्याला चमच्याने हलवत होतो.

तीन. मी जमिनीवर बसलो तो उठलोच नाही. अंगातून कुणी दोरा ओढून घ्यावा तसं झालं. त्यांचे कल्ले आत लालभडक झालेत, भाजल्यासारखे. मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा हे जळत होते.

संध्याकाळी मामी आली. मी तिला दाखवलं. तिने तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, जेवलास का तू? आणि मामांना सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

मंगळवार, १२

मामांचा फोन. हेडमास्तर कसा आहे? मी म्हटलं, मजेत, मलाच शिकवतोय. मामा हसले, हसताना टाके दुखले म्हणून विव्हळले.

शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे गेलो. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, सगळीकडे बुडबुडे, आणि तो मध्ये स्वतः एखाद्या माशासारखा, डोळे मोठे, मान नाहीच. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, नळाचं पाणी सरळ ओतलंस. मी म्हटलं, नाही हो, दिवसभर-रात्रभर ठेवलं होतं. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. सध्या कुठे तरी पाइप फुटून दुरुस्त झालाय, म्हणून पाण्यात क्लोरीन दाबून सोडतायत. मग त्याने खडीसाखरेसारख्या खड्यांची पुडी दिली. बादलीत दोन खडे टाकायचे, ढवळायचं, क्लोरीन तिथल्या तिथे मरतं, वाट बघायलाही नको.

म्हणजे आता दोन उपाय. खडेही टाकणार आणि रात्रभर ठेवणारही. एवढं केल्यावर क्लोरीनच्या बापालाही तिथे राहता येणार नाही.

येताना वाटेत एक माणूस पतंगाला शेपटी लावत होता, ती चुकीची लावत होता, त्याला सांगायला थांबलो. मग उशीर झाला. पण उरलेले सहा ठीक आहेत.

गुरुवार, १४

काल संध्याकाळी बादली भरली, खडे टाकले, काठीने ढवळलं. विरघळलेले डोळ्यांनी बघितले. मासेवाला म्हणाला होता, भाजलेल्या माशांना चांगलं पाणी द्या. म्हणून आज सकाळी मी बादली आणली आणि ओतली.

चार गेले.

मी ह्या वेळी कुठेही गेलो नाही. समोरच बसून होतो. बघत होतो. काही करता येत नव्हतं. पाणी काढून घ्यावं तर घालायला दुसरं पाणी कुठून आणू? हेडमास्तर काचेला टेकून तिरपा झालाय, तोंड उघडतोय आणि मिटतोय, पण आज तो काही शिकवत नाहीये. दुसरा उरला तो सगळ्यात बारका, चिल्लर.

खडे टाकले होते. मी टाकले होते. रकान्यात लिहून ठेवतो. छाती: टाकले होते. कंबर: टाकले होते.

शुक्रवार, १५

आज जे झालं ते मला अजून पटत नाहीये.

काल संध्याकाळी पुन्हा बादली भरली, खडे टाकले. ओतायची हिंमत नव्हती. म्हणून सकाळी त्यातलं पाणी बाटलीत घेऊन मासेवाल्याकडे गेलो. त्याने काचेच्या नळीत ओतलं आणि क्लोरीन तपासायच्या औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. हळदीसारखं नाही, पण पिवळं, नक्की पिवळं.

"हे आत्ता नळातून भरलंस," तो म्हणाला.

मी म्हटलं, काल संध्याकाळी भरलंय, खडे टाकून. त्याने दुसऱ्या नळीत त्याच्या दुकानातल्या पिंपातलं पाणी घेतलं, तेच थेंब टाकले, ते स्वच्छ राहिलं. दोन्ही नळ्या माझ्या नाकासमोर धरल्या. गिऱ्हाईकं बघत होती. तो म्हणाला, "हे बघ, खोटं बोलायचं तर माझ्याशी बोल, माशांशी नको बोलूस."

मी रस्त्यावर आलो. मला खरंच वाटायला लागलं की मी बादली भरलीच नाही, खडे टाकलेच नाहीत, सगळं मनातच केलं. मी असा आहेच. गॅसवर दूध ठेवून पाऊस बघायला गेलेला माणूस मी. आपण जे केलं ते आपल्याला आठवतंय पण ते झालेलं नाही, असं असेल तर मग माणसाने धरायचं काय?

घरी ताई. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून टँकमध्ये वाकून बघत होती. मग विचारलं, बाकीचे कुठे आहेत. मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

"बाबा सोमवारी घरी येतायत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय धक्का बसेल असं काही नको. आता मी काय सांगू त्यांना? एक बादली पाणी. फक्त एक बादली पाणी सांभाळायचं होतं तुला."

मी म्हटलं, ताई, मी खडे टाकले होते. ती म्हणाली, ते यायच्या आत गाशा गुंडाळ.

बरोबर आहे तिचं.

शनिवार, १६

पहाटे बॅग भरली. बॅग भरणं एवढं एकच काम मी कुणाहीपेक्षा लवकर करतो. मामीला चिठ्ठी लिहायची होती, पण सुचली नाही. म्हटलं, हळूच मागच्या दाराने सटकावं. मागचं दार मोरीपाशी.

मोरीत दिवा होता. मामी होती, पदर खोचलेला. बादली तिने आडवी केली होती आणि पाणी फसकन जाळीत जात होतं. माझी बादली. निळी. मग तिने ती हाताने आतून विसळली, उभी केली आणि वरचा नळ सोडला.

मी बॅग घेऊन दारात.

तिने वळून बघितलं आणि दचकली नाही, उलट चेहरा उजळला. म्हणाली, अरे, आज लवकर उठलास? आणि मग, अगदी सहज, "ही बघ, माशांची बादली. तू बिचारा रात्री भरून ठेवतोस आणि सकाळपर्यंत शिळं होतं. मी रोज फेकून ताजं भरून ठेवते. आधीच आजारी आहेत, त्यांना शिळं पाणी पाजायचं का?"

नळ चालू होता. बादली भरत होती. मला फक्त तो आवाज ऐकू येत होता. रोज. म्हणजे तेव्हाही. आणि नंतरही. माझे खडे, माझी रात्र, सगळं त्या जाळीतून गेलं होतं आणि मी सकाळी उठून नळाचं ताजं, सणसणीत पाणी उचलून स्वतःच्या हाताने ओतलं होतं. आणि मामीने ते प्रेमाने भरलं होतं. माशांवर प्रेम म्हणून. मामांवर प्रेम म्हणून.

सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. मामी, तुम्ही. एवढं तोंडात आलं होतं. आणि तेवढ्यात मला ते घंगाळ दिसलं. मी कधी पाहिलेलं नाही, तरी दिसलं. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या हातातलं भांडं.

"काय रे?" ती म्हणाली. "बॅग कसली?"

"धुवायचे कपडे," मी म्हटलं.

"ठेव इथे, मी धुते."

आता काय करणार. धुतलेलेच कपडे मी तिला धुवायला दिले.

ती हॉस्पिटलला गेल्यावर मी ती बादली रिकामी केली, पुन्हा भरली, खडे टाकले आणि उचलून जिन्याखाली नेली, खोक्यांच्या मागे. वर पोतं टाकलं. डोकं आपटलं. तिथे अंधारात बसून राहिलो, आणि तिथे बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की मामांनी दुसरीकडे कुठे नाही असं का म्हटलं असेल. पण मग वाटलं, नाही, तसं असतं तर सरळ सांगितलं नसतं का?

सोमवार, १८

काल जिन्याखालचं पाणी ओतलं, अर्धी बादलीच, जीव मुठीत धरून. आधी बाटलीभर मासेवाल्याकडे नेलं होतं. थेंब टाकले, पाणी पाण्यासारखंच राहिलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी बाटली उचलून घरी आलो. दोघे जिवंत आहेत. हेडमास्तर सरळ झाला, फक्त शेपटीची कड पांढरी पडलीय.

आज मामा आले. ताईने एका बाजूने धरलेलं, मामीने दुसऱ्या. इतके बारीक झालेत की त्यांचं स्वतःचं माप पुन्हा घ्यावं लागेल. ताईने वाटेतच त्यांना सांगितलं होतं, हळूहळू, असं ती म्हणाली. ते थेट मशीनच्या स्टुलावर जाऊन बसले आणि टँककडे बघितलं. बराच वेळ. हेडमास्तर काचेपाशी आला, तोंड उघडलं, मिटलं.

मग ताईच बोलली. ह्याने आळस केला, नळाचं पाणी सरळ ओतलं, मासेवाल्याने तपासून सांगितलंय, अख्ख्या चौकात बोभाटा झालाय. खरं तर मी अजून इथे कसा, हाच तिला प्रश्न पडला होता.

"नाही गं," मामी म्हणाली. ती मामांचा टॉवेल घडी घालत होती. "असं नको बोलूस त्याला. तो रोज रात्री भरून ठेवायचा बिचारा. मी स्वतः बघितलंय. उलट मीच रोज सकाळी ती..."

"मी सरळच ओतलं," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की हेडमास्तरही मागे सरला. "मामी, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर मी ते पाणी सांडायचो. लोळायचो. मग नळाचं भरून ओतायचो. आळस. ताईचं बरोबर आहे."

ताई म्हणाली, बघ. मामी माझ्याकडे बघत राहिली. तिने टॉवेलची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

मामांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, मोरीच्या दिशेने, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे.

"बादली कुठे ठेवत होतास?"

"मोरीत."

त्यांनी डोळे मिटले. ताई घाबरून उठली, पण ते दुखल्यामुळे नव्हतं. मग म्हणाले, "म्हातारे झाले होते मासे. त्यात उन्हाळा. भिंगरीचा काही दोष नाही आणि कुणाचाच नाही. चहा मिळेल का?"

मामी आणि ताई आत गेल्या. मामांनी मला बोट वाकडं करून बोलावलं आणि सुई-दोरा पुढे केला. ओव, म्हणाले, माझा हात थरथरतो. मी ओवायला लागलो. दोरा दोनदा नेढ्याच्या बाजूने निसटला.

"लग्नानंतर पहिला टँक आणला होता," ते हळूच म्हणाले. "आठवड्यात सगळे गेले. एक दिवस पहाटे उठलो आणि बघितलं."

मी सुई खाली केली. म्हणजे तेव्हापासून. मी विचारलं, मग तुम्ही मामींना काय सांगितलंत?

"थंडीने गेले म्हटलं."

"पण एवढी वर्षं? कधी एकदाही..."

"तिने तुला भावाचं सांगितलं ना?"

"हो."

"मग झालं तर." त्यांनी माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवलेलाच नव्हता. "घरात जिना होता. तो वापरला."

ह्या माणसाने एका बादलीसाठी आयुष्यभर त्या जिन्याखाली डोकं आपटून घेतलं, आणि मी त्याला सोस म्हटलं होतं. इथेच ह्या वहीत, मागच्या पानांवर कुठेतरी आहे ते. खोडणार नाही.

चहा आला तेव्हा मामा ताईला सांगत होते की उद्यापासून भिंगरी काजं करायला शिकेल. काज म्हणजे बटणाचं घर, आणि त्याला बसून राहावं लागतं. ताईने कपाळाला हात लावला. मामी चहाचा ट्रे धरून जिन्याकडे बघत उभी होती. थकली असेल.

मंगळवार, १९

सकाळी उठून पहिलं काम, बादली. काल संध्याकाळी भरून जिन्याखाली ठेवली होती. रांगत आत गेलो आणि थबकलो.

पोतं धुतलेलं होतं.

ते कळकट, सुतळ्या निघालेलं पोतं स्वच्छ धुऊन, जवळजवळ वाळलेलं, बादलीवर सैल पांघरलेलं. एका बाजूला जरा उघडं, हवा लागेल असं. खोकी सरकवून जायला वाट केलेली, आणि वरच्या पायरीच्या कडेला, बरोबर जिथे डोकं आपटतं तिथे, जुन्या कापडाची गादी शिवून बांधलेली.

हे कुणी केलं? मामांना वाकायची बंदी आहे. ताई तर रात्रीच गेली. मी पोतं उचलून बघितलं. पाणी कालचंच होतं. मी ढवळताना काठीचं एक कुसळ आत पडलं होतं, ते तसंच तरंगत होतं. कुणी हात लावला नव्हता.

मामीला विचारावं म्हणून मोरीत गेलो. ती पाठमोरी उभी राहून किटली विसळत होती. डोळे सुजलेले वाटले, पण पहाटेचं उठल्यावर होतं तसं. मी विचारलं, मामी, जिन्याखाली कोण गेलं होतं? ती म्हणाली, मला काय माहीत, माझे गुडघे कुठे वाकतात. मग मागे न बघताच म्हणाली, "तू जेवून-खाऊन राहा हो इथे. कुठे जाऊ नकोस."

मी म्हटलं, नाही जात.

मग खोलीत येऊन उशाशी ठेवलेली बाटली तोंडाला लावली. तिच्यातलं पाणी मात्र ताजं होतं, गार, आत्ताच भरलेलं.